सम्यक वाचा : बोलण्याची वेळ आणि बोलण्याचे साधन

आर्य अष्टांगिक मार्गातील तिसरे अंग सम्यक वाचा होय, हे आपल्या धम्मवर्गातील प्रत्येक उपासक-उपासिकेस पाठ आहे. खोटे बोलू नये, चहाडी करू नये, कठोर बोलू नये, निरर्थक बडबड करू नये, हेही आपण सांगू शकतो. परंतु हे सांगताना आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र असते ते समोरासमोर बसलेल्या दोन माणसांचे असते. आज आपल्या घरातील पुष्कळसे बोलणे समोरासमोर होत नाही. मुलगा पुण्यास, आई गावी, मुलगी सासरी, जावई आखातात, अशी आपली कुटुंबे झाली आहेत. ती एकमेकांशी बोलतात ती मोबाइलवर, आणि त्यातही बोलून कमी व लिहून जास्त. तेव्हा जवळच्या माणसाशी यंत्रातून बोलताना सम्यक वाचेचे पालन कसे करावे, हा या पाठाचा विषय आहे.

मी १९७६ साली डाक-तार खात्यात लागलो. दुसऱ्यांचे निरोप पोहोचविणे हेच माझे काम होते. पहिली काही वर्षे मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी तारेच्या खिडकीवर होतो. तारेला शब्दामागे पैसे पडत, म्हणून लोक शब्द काटून काटून लिहीत. मृत्यूच्या तारेला इतर तारांपुढे अग्रक्रम असे. वस्तीत तारवाला दिसला की पाकीट फोडण्याच्या आतच बाया रडू लागत, आणि मग वाचता येणारा कोणीतरी शोधून आणावा लागे. कधी कधी ती तार नोकरी लागल्याची निघे आणि रडणारी माणसे हसू लागत.

१९७८ च्या उन्हाळ्यात एक म्हातारे गृहस्थ खिडकीशी आले. मुंबईस गिरणीत असलेल्या मुलाला तार करायची होती. मुलाची आई पहाटे गेली होती. मी फॉर्म भरू लागलो तेव्हा ते म्हणाले, "साहेब, 'वारली' नका लिहू. 'सीरियस' लिहा. पोरगं रातभर एकटं येणार हाय." मी 'सीरियस' लिहिले. पुढेही अशा किती तारा मी लिहिल्या याची गणती नाही. तो शब्द आपल्या भागात सर्वांच्याच ओळखीचा झाला होता. घेणाऱ्यालाही त्याचा अर्थ बहुधा कळे, तरी रात्रभराच्या प्रवासात धरून बसायला काहीतरी उरे.

पंचशील ग्रहण करताना चौथे शील म्हणतेवेळी ती खिडकी मला अनेक वर्षे आठवत असे. ते मुसावाद होते की नव्हते? या प्रश्नाकडे आपण पुढे येऊ. १५ जुलै २०१३ पासून तारसेवा बंद झाली, परंतु प्रश्न बंद झालेला नाही.

पाच लक्षणे

अंगुत्तर निकायाच्या पंचकनिपातात सुभाषित वाणीची पाच लक्षणे सांगितली आहेत. ती वाणी योग्य वेळी बोललेली असते, सत्य असते, मृदू असते, हिताची असते आणि मैत्रीचित्ताने बोललेली असते. या पाचांचा क्रम वाचकांनी ध्यानात घ्यावा. सत्याच्याही अगोदर काळ सांगितला आहे. आपण बहुधा उलट वागतो. गोष्ट खरी आहे ना, मग सांगायला हरकत काय, असे आपण म्हणतो आणि मोबाइल उचलतो.

आमच्या ओळखीतील एका भगिनीची हकीकत सांगतो. तिचे वडील परभणीस रुग्णालयात होते. भावाने तिला फोन करून "बाबांचं बरं नाही, तू निघ" असे सांगितले आणि ती पुण्याहून रात्रीच्या गाडीने एकटीच निघाली. गाडी दौंडच्या आसपास असताना वडील वारले. घरातल्या एका चुलतभावाने कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वडिलांचा फोटो टाकला आणि खाली 'भावपूर्ण आदरांजली' असे लिहिले. पाच मिनिटांत त्याखाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. भगिनीने वेळ पाहण्यासाठी मोबाइल काढला, तेव्हा तिला पहिल्यांदा दिसली ती ती जोडलेल्या हातांची रांग; फोटो त्याच्या वर होता. डब्यातल्या एका अनोळखी बाईने तिला पाणी दिले आणि पहाटेपर्यंत ती तिच्याजवळ बसून राहिली.

त्या चुलतभावाला दोष देणे सोपे आहे. परंतु पाच लक्षणांवर त्याचे कृत्य तपासून पाहा. बातमी खरी होती. शब्द मृदू होते. अंत्यविधीला लोक वेळेवर पोहोचावेत हा हेतू हिताचा होता. मनात चुलत्याविषयी प्रेमच होते. पाचांपैकी चार लक्षणे पुरी झाली होती. चुकला तो एकच, काळ. आणि काळ का चुकला? कारण ग्रुपमध्ये काळ एक नसतो. एकतीस माणसांच्या ग्रुपमध्ये आपण एक वाक्य टाकतो, पण ते एकतीस वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या घटकेला वाचले जाते. कोणी जेवत असतो, कोणी मोटारसायकल बाजूला घेऊन पाहतो, कोणी परीक्षेला निघालेला असतो, कोणी दौंडच्या पुढे रेल्वेत एकटा असतो. समोर बसून बोलणारा माणूस ऐकणाऱ्याचा चेहरा पाहून थांबतो. फोनवर बोलणारा निदान "कुठे आहेस?" असे विचारू शकतो. ग्रुपवर लिहिणाऱ्याला यांपैकी काहीच करता येत नाही. म्हणून ज्या बोलण्यात वेळ महत्त्वाची आहे, ते बोलणे ग्रुपचे नव्हेच. साधन निवडले तेथेच सम्यक वाचा सांभाळली जाते किंवा मोडते.

पोस्टकार्ड आणि आंतर्देशीय पत्र यांतील फरक आपल्या निरक्षर आयांनाही कळत होता. कार्ड पोस्टमन वाचतो, शेजारी वाचतो, म्हणून त्यावर खुशाली. घरातले दुखणे, पैसे, सुनेची तक्रार हे बंद पत्रात, आणि लिहून देणाऱ्यालाही त्या बजावीत, "कोणाला सांगू नको रे बाबा." ग्रुप हे पोस्टकार्ड आहे. हा साधा विवेक एका पिढीत आपल्या हातून कसा निसटला, याचे मला आश्चर्य वाटते.

मृत्यूची किंवा गंभीर आजाराची बातमी द्यावयाची असेल तेव्हा प्रथम एका कागदावर नावे लिहावीत. कोणाला आवाजातून कळले पाहिजे, आणि कोणाच्या आवाजातून? त्या व्यक्तीजवळ या क्षणी कोण आहे? नवरा, शेजारीण, खोलीतला सोबती यांपैकी कोणाला अगोदर फोन करता येईल? "कुठे आहेस, जवळ कोण आहे" हे विचारल्याशिवाय बातमी सांगू नये. ही नावे संपल्यावरच ग्रुपवर लिहावे. याला अर्धा तास लागतो. अंत्यविधीच्या गडबडीत हे काम घरातल्या ज्याने फार रडायचे नाही अशा एखाद्याकडे सोपवावे. बहुधा असा एक जावई असतोच.

अभय राजकुमाराचा प्रश्न

आता 'सीरियस' या शब्दाकडे येऊ. मज्झिम निकायात अभयराजकुमार सुत्त आहे. राजकुमार अभय तथागतांना विचारतो की, दुसऱ्याला अप्रिय वाटेल असे तथागत बोलतात काय? हा प्रश्न त्याला मुद्दाम शिकवून पाठविलेला असतो. हो म्हटले तरी पेच, नाही म्हटले तरी पेच. त्या वेळी अभयाच्या मांडीवर लहान मूल असते. तथागत त्यालाच विचारतात की, या मुलाने तोंडात काडी किंवा खडा घातला तर तू काय करशील? अभय म्हणतो, बोट घालून काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण मला त्याची करुणा आहे. मग तथागत सांगतात की जे असत्य आहे ते तथागत बोलत नाहीत, आणि जे सत्य असून हिताचे नाही तेही बोलत नाहीत. जे सत्य आहे, हिताचे आहे, पण अप्रिय आहे, ते बोलण्याची वेळ ते जाणतात.

या सुत्ताच्या उजेडात पाहिले असता 'सीरियस' लिहिणे हे असत्यच होते, असे मला आज वाटते. पळवाट काढून शीलाचा अर्थ सैल करू नये. परंतु म्हाताऱ्या गृहस्थांपुढे दुसरा मार्ग नव्हता, हेही तितकेच खरे आहे. आठ-दहा शब्दांच्या तारेत सत्य सांगून वर धीर द्यायला जागा नव्हती. तारेला आवाज नव्हता. आपल्यापुढे ती अडचण नाही. "तू निघ. मी स्टेशनवर उभा राहतो. भेटल्यावर सगळं सांगतो," असे भाऊ फोनवर म्हणू शकतो, आणि यात एकही शब्द खोटा नाही. बहिणीने सरळ विचारले, "दादा, बाबा गेले का?" तर मात्र सरळ उत्तर द्यावे, आणि फोन ठेवू नये. ती रडेल तितका वेळ फोन कानाशी धरून बसावे. टेलिफोनच्या तारेतून माणसाचा पूर्ण आवाज कधीच जात नसे. आमच्या खात्यात सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा बोलण्यासाठी धरीत. तेवढ्या चिंचोळ्या वाटेनेही हुंदका पोहोचतो, आणि भावाचे गप्प राहणेही पोहोचते. लिहिलेल्या मेसेजातून ते पोहोचत नाही.

आवाज रेकॉर्ड करून पाठविण्याची सोय आहे, तिचा उल्लेख करतो. लिहिता-वाचता न येणाऱ्या आईसाठी ती फार चांगली आहे, आणि नातवाचा आवाज ती दहा वेळा ऐकू शकते. पण त्यात पलीकडच्याला "थांब जरा" म्हणता येत नाही. म्हणून अवघड बातमी आणि भांडण यांसाठी ती सोय वापरू नये.

खरे-खोटे, चहाडी आणि बडबड

सत्य या लक्षणाविषयी लिहिण्यास फार जागा नको, पण एक घटना सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने पाच माणसांना ठार मारले. ती माणसे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाची, मंगळवेढा भागातून भिक्षा मागत आलेली होती. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्यापूर्वी मोबाइलवरून पसरली होती. ज्यांच्याविषयी कोणी चौकशीही करीत नाही, असे गरीब फिरस्तेच त्या अफवेला बळी पडले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाच ठिकाणांहून अधिक पुढे पाठविता येणार नाही अशी मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० मध्ये फार वेळा फिरलेल्या मेसेजवर ती एकावर आणली. यंत्राने घातलेली ही मर्यादा झाली. आपल्या पाठाचा मुद्दा वेगळा आहे. अशा अफवा अनोळखी माणसाकडून येत नाहीत. मामा पाठवितो, शाळेतला मित्र पाठवितो, वहिनी पाठविते. नात्यावर असलेला विश्वास आपण अफवेला उसना देतो. "तुला हे कोणाकडून आलं? तू पाहिलंस का?" असे मामाला एकांतात, नम्रपणे, ग्रुपवर न लिहिता विचारणे हे सम्यक वाचेचेच काम आहे. विचारणाऱ्याला पहिले दोनदा मामाचा राग सोसावा लागतो.

पिसुणवाचेची, म्हणजे चहाडीची, सुत्तांतील व्याख्या पाहिली की मन थक्क होते. इकडे ऐकलेले तिकडे सांगणे आणि तिकडचे इकडे, एकत्र असलेल्यांत भेद पाडण्यासाठी. एकाने विश्वासाने लिहिलेले वाक्य चित्र म्हणून उचलून दुसऱ्याला पाठविणे, ज्याला मुले स्क्रीनशॉट म्हणतात, ते याहून वेगळे काय आहे? पूर्वीच्या चहाडीत निदान "मी असं बोललोच नाही" म्हणून दोघांना पुन्हा एकत्र येण्याची वाट उरत असे.

निरर्थक बडबडीबद्दल मात्र मी स्वतः एकदा चुकलो. धम्मवर्गात मी म्हणालो की, रोज सकाळी फुलांची चित्रे आणि 'सुप्रभात' पाठविणे हा शुद्ध सम्फप्पलाप आहे. वर्ग संपल्यावर एक वृद्ध उपासिका थांबल्या. म्हणाल्या, "गुरुजी, माझी एक मैत्रीण आहे, एकटी राहते. तिचं फूल सकाळी सातला येतं. आठपर्यंत आलं नाही तर मी फोन करते." त्या दोघींसाठी ते फूल निरर्थक नव्हते. हिताचे काय आणि बडबड काय हे शब्दांवरून ठरत नाही, हे मला त्या दिवशी कळले. चारशे जणांना एकदम फूल पाठविणाऱ्यांनी मात्र या उदाहरणाचा आधार घेऊ नये.

एका वाक्याचे अकरा महिने

मृदुता आणि मैत्री यांविषयी मला माझ्याच घरची गोष्ट सांगितली पाहिजे. २०१७ साली आमच्या आईच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. आई धाकट्या भावाजवळ गावी होती, मी पुण्यास. ऑपरेशन झाल्यावर दोन दिवसांनी भावाने कुटुंबाच्या ग्रुपवर खर्चाची यादी टाकली. औषधे इतकी, रिक्षा इतकी, चष्मा इतका. ग्रुपमध्ये तेवीस माणसे, त्यांत माझे व्याही. मला वाटले, थोरल्याने पैसे दिले नाहीत असे हा चारचौघांत दाखवितो आहे. रात्रीचे साडेअकरा झाले होते. मी लिहिले, "हिशोब मलाही ठेवता येतो."

दोन खुणा निळ्या झाल्या. उत्तर आले नाही. सकाळी पाहिले तर भावाने ग्रुप सोडला होता.

या निळ्या खुणांविषयी थोडे सांगतो, कारण त्यांनी बरीच घरे दुखावली आहेत. एक राखाडी खूण म्हणजे मेसेज निघाला, दोन राखाडी म्हणजे पलीकडच्या यंत्रावर पोहोचला, दोन निळ्या म्हणजे उघडला गेला. २०१४ च्या नोव्हेंबरात ही निळी खूण आली. उघडला गेला, एवढेच यंत्र सांगते. समजला, पटला, राग आला, की चुलीवर दूध उतू जात होते म्हणून मोबाइल खाली ठेवला, यांतले काहीही ते सांगत नाही. ते सारे आपण आपल्या मनातून भरतो, आणि मन रागात असेल तर रागच भरतो. माझे तसेच झाले. पुढच्या आठवड्यात मी भावाला तीन लांबलचक मेसेज पाठविले. तिन्हींत मी कसा बरोबर होतो हे होते. तिन्ही निळे झाले.

अकरा महिने आम्ही बोललो नाही. आईला मोबाइलमधले काही कळत नसे. भाऊ घरात असला की मला फोन लावून दे म्हणे, तो लावून देई आणि बाहेर जाई. आई दर वेळी विचारी, "तुम्ही दोघं का रे बोलत नाही?" मी म्हणे, "बोलतो की." चौथे शील येथेही मोडतच होते.

मज्झिम निकायातील अंबलट्ठिका राहुलोवाद सुत्त मी या काळात धम्मवर्गात शिकवीत होतो, हे सांगताना मला आज लाज वाटते. सम्राट अशोकाने भाब्रू येथील लेखात ज्या धम्मवचनांचा अभ्यास भिक्खू-भिक्खुणी आणि उपासक-उपासिकांनी करावा असे सांगितले, त्यांत राहुलाला असत्याविषयी केलेला हा उपदेश आहे. आरसा कशासाठी असतो, असे तथागत राहुलाला विचारतात. पाहण्यासाठी, असे राहुल म्हणतो. तसेच पुन्हा पुन्हा पाहून शरीराचे, वाणीचे आणि मनाचे कर्म करावे. करण्यापूर्वी, करताना, आणि केल्यानंतरही. समोरासमोर बोलताना शब्द तोंडातून निघून जातो, पाहायला सवड मिळत नाही. लिहिण्यात ती सवड आहे. वाक्य पाठविण्यापूर्वी डोळ्यांसमोर उभे असते. राहुलाला सांगितलेला आरसा हातातच असतो. मी तो साडेअकरा वाजता पाहिला नाही. 'सर्वांसाठी डिलीट' करण्याची सोय पुढे आली, तिचा भरवसा धरू नये. पुसल्याची खूण मागे राहते आणि पुसलेल्या जागी काय होते याचा तर्क मूळ वाक्याहून वाईट असू शकतो.

शेवटी मी एसटीने गावी गेलो. चहा झाल्यावर भावाला म्हणालो, "यादी ग्रुपवर टाकायची काय गरज होती?" तो म्हणाला, "दादा, ताईनंच मागितली होती. तिला तिचा तिसरा वाटा पाठवायचा होता. मला दुसरीकडे टाकता येत नव्हती." कल्याणच्या बहिणीने फोनवर मागितलेली ती यादी होती. त्याला तेव्हा ग्रुपवर लिहिता येत होते, वेगळे कसे पाठवावे ते माहीत नव्हते. एवढेच. एक फोन केला असता तर दोन मिनिटांत उलगडले असते.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सम्यक वाचेविषयी लिहिताना स्पष्ट केले आहे की, ती भीतीपोटी किंवा कृपेच्या आशेने पाळावयाची नाही. या कसोटीवर आपण आपले मोबाइल पाहावेत. कचेरीतल्या साहेबाला लिहिलेले वाक्य आपण तीन वेळा वाचतो, 'कृपया' घालतो. पत्नीला 'आणलं का' आणि भावाला 'बघू' लिहितो. साहेबाला लिहिलेले मृदू शब्द मैत्रीतून आलेले नसतात, हे यावरून उघड होते.

गोसिंग वनातील खुणा

अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तीन भिक्खू गोसिंग सालवनात राहत होते. चूळगोसिंग सुत्तात त्यांची हकीकत आहे. दुधात पाणी मिसळावे तसे ते एकत्र राहत आणि एकमेकांकडे स्नेहाच्या दृष्टीने पाहत. भिक्षेहून जो आधी परते तो आसने मांडी, पाणी ठेवी. जो शेवटी येई तो झाडलोट करी. पाण्याचे भांडे रिकामे दिसले की ज्याला दिसे तो ते भरी, आणि एकट्याने उचलत नसेल तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलावी; त्यासाठी तोंड उघडावे लागत नसे. आणि दर पाचव्या रात्री तिघे एकत्र बसून रात्रभर धम्मचर्चा करीत.

थोडक्या कामासाठी खूण आणि खऱ्या बोलण्यासाठी ठरलेली रात्र, ही व्यवस्था मला फार विचार करण्यासारखी वाटते. आपल्या लोकांनी ती एकदा आपोआप शोधून काढली होती. मोबाइल नवे आले तेव्हा बोलण्याला पैसे पडत, मिस्ड कॉलला पडत नसत. आमच्या आईची आणि माझी खूण ठरलेली होती. एक रिंग म्हणजे घरी पोहोचले, औषध घेतले, ठीक आहे. लागोपाठ दोन म्हणजे तू फोन कर. रविवारी रात्री आठला बोलायचे, तेव्हा पाऊस, शेजारची भांडणे, कोणाची सोयरीक, सगळे. बोलणे स्वस्त झाले आणि आमची ती रात्र मोडली. कधीही बोलता येते म्हटल्यावर आम्ही बोलेनासे झालो. दिवसभर काहीबाही पाठवीत मात्र राहिलो.

अकरा महिन्यांनंतर भावाने आणि मी रविवारची रात्र पुन्हा धरली. पैशाचा विषय ग्रुपवर नाही, मेसेजवर नाही, फक्त आवाजात, हेही ठरविले. रागात असताना लिहायचे झाल्यास एकच शब्द लिहायचा, "रविवारी." हा शब्द मी त्याला आतापर्यंत चार वेळा पाठविला आहे. त्याने किती वेळा पाठविला ते सांगत नाही.

आई २०२१ च्या पावसाळ्यात गेली. तो रविवार नव्हता. सकाळी सहाला भावाचा फोन आला. मी उचलला तर म्हणाला, "दादा, वहिनी जवळ आहे का? तिच्याकडे दे." मला कळले. मी फोन पत्नीकडे दिला आणि खाली बसलो. ग्रुपवर तास-दीड तासाने आले, तोपर्यंत कल्याणला बहिणीच्या शेजारणीचाही फोन होऊन गेला होता.

पुढील धम्मवर्गात चूळगोसिंग सुत्त संपूर्ण वाचावयाचे आहे. येण्यापूर्वी प्रत्येकाने आपण घरच्या माणसांना मोबाइलवर लिहिलेली शेवटची दहा उत्तरे एकदा वाचून यावे. वर्गात ती कोणाला दाखवावयाची नाहीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी आपण कोणाला, कोणत्या वारी, किती वाजता फोन करतो ते आठवून यावे, आणि असा वार ठरलेला नसेल तर त्या पंधरवड्यात तो ठरवून यावे.